प्राण आणि प्राणवायू



अन्नावाचून माणूस कित्येक दिवस काढतो, पाण्यावाचून दोन-तीन दिवस तग धरतो. श्वासावाचून मात्र त्याची काही मिनिटेही निभत नाहीत. असे असूनही अन्नाच्या शुद्धाशुद्धतेविषयी घरोघरी जेवढा विचार होतो, त्याचा शतांश विचारही श्वासाच्या वाट्याला येत नाही. योगग्रंथांत एका अहोरात्रात माणसाचे २१,६०० श्वास होतात अशी गणना दिलेली आहे आणि हंसमंत्राचा अजपाजप याच गणनेवर उभा आहे. दिवसाच्या १,४४० मिनिटांनी या संख्येला भागले तर मिनिटाला बरोबर १५ श्वास येतात. आजचे वैद्यक स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते १८ असे सांगते. घड्याळ नसलेल्या काळी ज्यांनी हे मोजले, त्यांच्या निरीक्षणाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

हीच गणना थोडी पुढे न्यावी. सहज श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. म्हणजे दिवसाकाठी १०,८०० लिटर. वजनाने पाहिले तर जवळपास १३ किलो. दिवसभरात पोटात जाणारे अन्न आणि पाणी एकत्र केले तरी ते याच्या निम्म्याला पोचत नाही. माणूस सर्वांत अधिक काय सेवन करतो, या प्रश्नाचे उत्तर ‘वारा’ असेच द्यावे लागेल.

येथे आरंभीच एका शब्दाची गाठ सोडवून घेणे अगत्याचे आहे. पाश्चात्य रसायनशास्त्र मराठीत आले तेव्हा ऑक्सिजन या वायूला ‘प्राणवायू’ हे नाव दिले गेले. नाव सुंदर आहे, समर्पकही आहे. परंतु ज्यांच्या कानांवर प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पंचप्राण लहानपणापासून पडलेले आहेत, त्यांचा या नावाने मोठाच घोटाळा होतो. शास्त्रातील प्राण म्हणजे देहाचे व्यापार चालविणारी शक्ती. रसायनशास्त्रातील प्राणवायू म्हणजे हवेत शेकडा २१ या प्रमाणात असणारा एक पदार्थ, जो नळकांड्यात भरता येतो आणि तराजूत तोलता येतो. एकाचे गुणधर्म दुसऱ्याला चिकटविले की शास्त्रही बिघडते आणि शरीरही. प्राणायाम म्हणजे भरपूर प्राणवायू ओढून घेण्याची क्रिया, ही आज सर्वत्र रूढ झालेली समजूत याच शब्दसाम्यातून निपजली आहे. तिचा विचार यथाक्रम येईलच. तत्पूर्वी वाऱ्याची देहातील वाट पाहू.

ही वाट नाकापासून सुरू होते. नाकाच्या पोकळीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पन्हाळीसारख्या वळलेल्या पातळ हाडांच्या घड्या आहेत आणि त्यांवर रक्ताने भरलेली ओलसर त्वचा आहे. बालाघाटच्या पौषातील गारठा असो की वैशाखातील झळा, नाकातून घशापर्यंत जाईतो हवा देहाच्या उष्णतेच्या जवळ आणली जाते आणि ओलीही होते. तोंडाने श्वास घेणाऱ्यास हा लाभ पुरता मिळत नाही. स्वरशास्त्रात इडा आणि पिंगला, म्हणजे डावी आणि उजवी नाकपुडी, आळीपाळीने चालतात असे सांगितले आहे. ही गोष्ट कोणीही आरशावर नाकाचा श्वास सोडून स्वतः पडताळून पाहू शकतो. १८९५ मध्ये कायझर या जर्मन वैद्याने तिचे वर्णन केले. एका बाजूच्या घड्यांत रक्त भरून त्या फुगतात, दुसऱ्या बाजूच्या ओसरतात, आणि काही तासांनी पाळी बदलते. घटना खरी आहे. तिच्यावर शुभाशुभाचे जे इमले पुढे रचले गेले, त्यांची हमी मात्र शरीरशास्त्र देत नाही.

घशात अन्नाची आणि वाऱ्याची वाट एकत्र येते. अशा चौकात अपघात होऊ नये म्हणून कंठाच्या तोंडाशी एक पानासारखे झाकण आहे, आणि घास गिळताना संपूर्ण स्वरयंत्र वर उचलले जाऊन त्याखाली दडते. गिळताना कंठमण्यावर बोट ठेवले तर हे उचलणे कळते. त्या क्षणी श्वास थांबलेला असतो. भोजनसमयी मौनाचा जो नियम मठात पाळला जातो, त्याची कारणे आध्यात्मिक आहेत. पण हसत-बोलत जेवणाऱ्याला ठसका का लागतो, हे यावरून स्पष्ट होईल. लहान मुलांच्या बाबतीत तर हा विषय थट्टेचा नाही. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी अशी वस्तू खेळताखेळता श्वासनलिकेत गेली तर ती बहुधा उजव्या बाजूस उतरते, कारण श्वासनलिकेचा उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि अधिक सरळ आहे. आधी धडधाकट असलेले मूल खाताना एकाएकी खोकू लागले आणि पुढे त्याचा खोकला हटेना, तर त्याला दृष्ट लागली असे न समजता छातीची तपासणी करावी.

स्वरयंत्रापाशी संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थ्याने थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण ही जागा त्याच्या पूर्वजांनी उत्तम जाणली होती. श्वासनलिकेच्या माथ्यावर दोन स्वररज्जू आहेत. ते एकमेकांपासून दूर असले की हवा मुकाट्याने निघून जाते. जवळ येऊन ताणले गेले की तीच हवा त्यांना कंपित करते आणि नाद उत्पन्न होतो. तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठ संवृत असता नाद आणि विवृत असता श्वास, असा भेद केला आहे, आणि घोष-अघोष व्यंजनांची विभागणी त्यावरच बसविली आहे. कंठावर दोन बोटे टेकवून आधी ‘स्’ आणि मग ‘ज्’ लांबवून पाहावा. पहिल्यात बोटांना काही लागत नाही, दुसऱ्यात थरथर लागते. युरोपातील भाषाशास्त्राला एकोणिसाव्या शतकापर्यंत हा भेद नीट मांडता आला नव्हता. अमेरिकेतील पंडित व्हिटनी यांनी अथर्ववेदाच्या प्रातिशाख्याचे भाषांतर १८६२ मध्ये आणि तैत्तिरीयाचे १८७१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पश्चिमेच्या ध्वनिशास्त्राला भारतीय वैयाकरणांचा परिचय झाला. अल्पप्राण आणि महाप्राण हे शब्दही श्वासाचेच आहेत. ‘क’ म्हणताना ओठांपुढे धरलेला कापसाचा तंतू जेमतेम हलतो, ‘ख’ म्हणताना उडतो.

पाठ म्हणणाऱ्या बटूचा श्वास समासाच्या मध्येच तुटतो तेव्हा गुरुजी रागावतात. दोष पुष्कळदा त्याच्या स्मरणाचा नसून श्वास सोडण्याचा असतो. मुले दीर्घ श्वास घेण्याची खटपट करतात. वास्तविक पठणाचे सारे कौशल्य श्वास हळूहळू सोडण्यात आहे. छाती भरली की ती स्वभावतः आकसू पाहते. बरगड्यांमधील जे स्नायू श्वास घेताना काम करतात, तेच पठणाच्या आरंभी पुढेही ताणलेले राहून या आकसण्याला लगाम घालतात, म्हणून हवा एकदम न निसटता बेताबेताने स्वररज्जूंवर सोडली जाते. घनपाठी वैदिकाची छाती पठण करताना भात्यासारखी वरखाली होताना दिसत नाही, ती याचमुळे.

स्वरयंत्राखाली श्वासनलिका सुमारे ११ सेंटिमीटर लांब आहे. तिला कूर्चेची सोळा ते वीस कडी आहेत. ही कडी मागील बाजूस उघडी असतात, कारण पाठीमागेच अन्ननलिका आहे आणि घास उतरताना तिला फुगण्यास जागा हवी. छातीत उतरल्यावर नलिकेचे दोन फाटे होतात, त्यांचे चार, चारांचे आठ. अशा सुमारे २३ पिढ्या झाल्यावर वाट वायुकोशांत संपते. प्रौढाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे ३० कोटींहून अधिक वायुकोश आहेत. ते उलगडून सपाट पसरले तर जवळपास ७० चौरस मीटर, म्हणजे मठाच्या सभामंडपासारख्या मोठ्या खोलीची जमीन झाकली जाईल. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन. डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागली आहे.

सुश्रुताचार्यांनी फुप्फुसाची उत्पत्ती रक्ताच्या फेसापासून सांगितली आहे. या उपमेची यथार्थता पाहून मन थक्क होते. फुप्फुस हातात घेतले तर ते हलके, सच्छिद्र आणि पाण्यावर तरंगणारे असते. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हवेचे बुडबुडे आणि त्यांच्याभोवती रक्ताच्या केशवाहिन्यांचे जाळे, याखेरीज तेथे फारसे काही नसतेच. १६६१ मध्ये इटलीतील मालपिघी याने बेडकाच्या फुप्फुसात या केशवाहिन्या प्रथम पाहिल्या. तथापि त्याच सुश्रुतसंहितेत हृदयाच्या डाव्या बाजूस प्लीहा आणि फुप्फुस, व उजव्या बाजूस यकृत आणि क्लोम असे सांगितले आहे, तेवढे जुळत नाही. फुप्फुसे दोन्ही बाजूंस आहेत. सुश्रुतांची शवच्छेदाची पद्धत अशी की देह वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, कुजलेली त्वचा कुंच्याने हळूहळू सोडवीत आतील अवयव पाहावेत. इतक्या दिवसांनंतर फुप्फुसासारखा मऊ अवयव मूळ रूपात राहिला नसणे संभवते. काहीही असो, ज्या आचार्यांनी ‘ग्रंथ वाचलास, आता प्रत्यक्षही पाहा’ अशी शिस्त घालून दिली, त्यांच्या एका विधानात प्रत्यक्षावरून दुरुस्ती केली तर ती त्यांचीच आज्ञा पाळणे होय. काही मंडळी क्लोम म्हणजेच उजवे फुप्फुस असा अर्थ लावतात; ओढाताण वाटते.

फेसाचा बुडबुडा फुटतो किंवा मिटतो, मग फुप्फुसातील बुडबुडे टिकतात कसे? पाण्याच्या पृष्ठभागाला आकसण्याची ओढ असते. ती ओढ कमी करणारा एक स्निग्ध लेप वायुकोशांच्या आतून स्रवतो. गर्भाच्या शेवटच्या काही आठवड्यांतच तो पुरेसा तयार होतो. फार अगोदर जन्मलेले अर्भक म्हणूनच श्वासासाठी तडफडते. दर श्वासाला त्याचे वायुकोश मिटतात आणि ते पुन्हा उघडण्याचे श्रम त्याला करावे लागतात. १९५९ मध्ये मेरी एव्हरी आणि जेरे मीड यांनी हे कारण दाखवून दिले. त्यानंतरही, १९६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचे, केनेडींचे, नवजात बालक याच विकाराने दगावले. जगातील सर्व सामर्थ्य हाताशी असून बापाला काही करता आले नाही. आज तोच लेप औषधरूपाने अर्भकाच्या श्वासनलिकेत सोडता येतो.

श्वास आत येतो तो फुप्फुसाच्या बळाने नव्हे. फुप्फुसाला स्वतःचे स्नायू असे नाहीतच. छाती आणि पोट यांमध्ये घुमटासारखे श्वासपटल आहे. ते आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि बाहेरची हवा आपोआप आत शिरते. सहज श्वासात श्वासपटल एक-दीड सेंटिमीटर सरकते, दीर्घ श्वासात दहापर्यंत. श्वास घेताना पोट पुढे यावे ते यामुळेच. पोट आत ओढून छाती फुगविणारा साधक आपल्याच श्वासपटलाशी भांडत असतो. श्वासपटलाला चालविणाऱ्या नाड्या मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघतात. आंब्याच्या किंवा मोहाच्या झाडावरून पडलेल्या माणसाची मान हलवू नये, त्याला उचलून बसवू नये असे जे सांगतात, त्यात त्याच्या श्वासाचाच प्रश्न असतो.

आता वायुकोशात आलेल्या हवेचे पुढे काय होते ते पाहू. कोशातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांमधील पडदा एका मायक्रोनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ आहे. त्यातून प्राणवायू रक्तात शिरतो आणि रक्तकणांतील हिमोग्लोबिनला चिकटतो; उलट दिशेने कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडतो. आत येणाऱ्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो, उच्छ्वासात शेकडा १६ उरतो. बुडालेल्या माणसाच्या तोंडात तोंडाने हवा फुंकून त्याला वाचविता येते, ते या उरलेल्या सोळा भागांच्या आधारावर.

२०२१ च्या चैत्र-वैशाखात करोनाच्या दुसऱ्या लाटेने बोटाला लावायचे ते छोटे यंत्र घरोघरी पोचविले. हिमोग्लोबिनच्या शंभर जागांपैकी किती जागा प्राणवायूने भरल्या आहेत, एवढेच ते सांगते. निरोगी माणसात आकडा ९५ ते १०० असतो. ९४ च्या खाली गेला की घरातले घाबरत, आणि ते योग्यच होते. त्याच दिवसांत रुग्णांना पालथे झोपविण्याचा सल्ला सरकारने दिला होता. पाठीकडील फुप्फुसाचा भाग मोठा आहे. उताणे निजल्यावर तो दबतो, पालथे झाल्यावर तेथे हवा पुन्हा खेळू लागते. औषधावाचूनचा हा उपाय कित्येकांच्या उपयोगी पडला.

प्राणायामाविषयीच्या समजुतीचे उत्तर त्या आकड्यातच आहे. सहज श्वासानेच ज्याच्या शंभरांतील सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जागा भरलेल्या आहेत, त्याने आणखी कितीही हवा ओढली तरी उरलेल्या दोन-तीन जागांहून अधिक काय भरणार? लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी हा प्रश्न भावनेवर न सोडता प्रयोगशाळेत नेला. माळसर येथील परमहंस माधवदासजी यांचे हे शिष्य. बडोद्यास क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली यांचा अभ्यास करून १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. नौलीत मोठ्या आतड्यात जो निर्वात उत्पन्न होतो, त्याला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. प्राणायामाने प्राणवायूचा मोठा साठा मिळतो ही समजूत त्यांनी स्वीकारली नाही. प्राणायामाचे मोल त्यांनी मज्जासंस्थेवरील आणि मनावरील परिणामांत पाहिले. योगाचा अभिमान बाळगूनही ज्याने योगाविषयीची लोकप्रिय चूक उघड केली, अशा या संन्याशाचे स्मरण साधकांनी विशेष ठेवावे.

मग संथ श्वासाचा शरीराला काहीच लाभ नाही काय? आहे, आणि तो अंकगणिताने दाखविता येतो. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक आणि नलिका यांतच अडकून परत जाते. ती वायुकोशापर्यंत पोचत नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १५ श्वास घेतले तर साडेसात लिटर हवा हलते आणि कोशांपर्यंत सव्वापाच लिटर पोचते. तीच साडेसात लिटर हवा २५० मिलिलिटरच्या ३० उथळ श्वासांत घेतली तर कोशांपर्यंत जेमतेम तीन लिटर जाते. १,२५० मिलिलिटरचे सहा संथ श्वास घेतले तर सहा लिटर सहाशे. श्रम तेच, फळ दुप्पट. धापा टाकणाऱ्या दमेकऱ्याला धीर देऊन संथ करण्यात हेच साधते.

परंतु जलद आणि जोरकस श्वासांची गोष्ट निराळी. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखविले की श्वासाचा वेग मुख्यतः कर्बवायू ठरवितो. रक्तात तो किंचित वाढला की मेंदूच्या देठातील केंद्र श्वास वाढविते. कुंभकात जी तगमग होते ती प्राणवायू संपल्याची नसते, कर्बवायू साठल्याची असते. भस्त्रिका किंवा कपालभाती हट्टाने, मर्यादेबाहेर केली की हा कर्बवायू धुऊन निघतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो. याला कोणी कुंडलिनीजागृती म्हणू लागले तर त्याला प्रेमाने परंतु स्पष्टपणे थांबविणे हे वडीलधाऱ्या साधकांचे काम आहे. हठयोगाच्या ग्रंथांनीही अयुक्त अभ्यासाने खोकला, दमा, मस्तकशूळ होतात असा इशारा देऊन ठेवलाच आहे.

याच अज्ञानाचे एक रूप प्राणघातक आहे. वैनगंगेच्या डोहात बुडी मारून अधिक वेळ राहण्याची पैज लावणारी मुले आधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायू वाढत नाही, कर्बवायू मात्र उतरतो. मग पाण्याखाली श्वासाची तगमग वेळेवर होतच नाही; ती होण्यापूर्वीच प्राणवायू संपून मूल बेशुद्ध होते. पट्टीचे पोहणारे असे बुडतात. तसेच जुन्या, न वापरलेल्या विहिरींचे. पालापाचोळा कुजून तळाशी कर्बवायू साठतो आणि हवेहून जड असल्याने तेथेच राहतो. गाळ काढण्यास उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढण्यास उतरलेला दुसराही कोसळतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत चांगली, दिवा विझला तर उतरूच नये. परंतु दिवा जळत राहिला म्हणजे विहीर निर्धोक झाली असे नाही, कारण सर्वच विषारी वायू दिवा विझवीत नाहीत.

शेवटचा विषय धुळीचा आणि धुराचा. तो बालाघाटला सोडून चालणार नाही.

नाकातील केस आणि ओलावा मोठी धूळ अडवितात. नलिकांच्या आत चिकट द्रवाचा थर आहे आणि त्याखाली अतिसूक्ष्म रोमांची लव अहोरात्र वरच्या दिशेने वल्हवीत असते. अडकलेली धूळ घशाशी आणून टाकते. विडीच्या धुराने ही लव लुळी पडते, म्हणून विडीकराला सकाळी खोकून खोकून तेच काम करावे लागते. परंतु सुमारे पाच मायक्रोनहून बारीक धूळ या सर्व पहाऱ्यांतून सुटून वायुकोशात पोचते. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रोन जाड असतो, यावरून तिचे बारीकपण समजावे. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि तोंडाला बांधलेला गमछा किंवा दुपट्टा तिला अडवीत नाही.

भरवेली, उकवा, तिरोडी येथील मँगनीजच्या खाणींवर या जिल्ह्यातील हजारो संसार उभे राहिले आहेत. भरवेलीची भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. या पट्ट्यातील मँगनीजसोबत आढळणाऱ्या एका खडकाला फर्मोर या भूशास्त्रज्ञाने येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले; भारतातील मँगनीजवरील त्याचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. गोंडाइटमध्ये गार्नेटबरोबर क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा दगड असतो, आणि गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसाची मोठी वैरीण आहे. वायुकोशातील भक्षक पेशी तिला गिळतात, पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. पुन्हा दुसरी पेशी तोच कण गिळते. प्रत्येक वेळी थोडा व्रण, थोडी गाठ. पुष्कळ वर्षांनी मऊ फेसाच्या जागी घट्ट, न फुगणारी जाळी उरते. याला सिलिकोसिस म्हणतात. यावर जुने फुप्फुस परत आणणारे औषध नाही, आणि धूळ सोडल्यावरही तो वाढू शकतो. अशा छातीत क्षयही लवकर घर करतो. म्हणून खाणकामगाराचा खोकला ‘टीबीच आहे’ किंवा ‘टीबी नाही’ एवढ्यावर सोडू नये, दोन्ही असू शकतात. खुद्द मँगनीजची धूळही फुप्फुसातून रक्तात आणि तेथून मेंदूत पोचते. चेहरा भावशून्य होणे, चाल बिघडणे, कारण नसता हसू किंवा रडू फुटणे ही तिची लक्षणे आहेत; या विषबाधेचे वर्णन स्कॉटलंडमधील कूपर या वैद्याने १८३७ मध्येच लिहून ठेवले आहे. घरातील कर्त्या माणसाचे असे झाले आणि त्याला बाधा म्हणून मठात आणले, तर तीर्थ-अंगारा अवश्य द्यावा. पण तो खाणीत किती वर्षे होता हे प्रथम विचारावे आणि त्याला डॉक्टरकडे पाठवावे.

दगड छेदताना छिद्रात पाणी सोडले तर धूळ चिखल होऊन बसते. इतका साधा हा उपाय आहे, आणि मोठ्या खाणींत तो चालतोही. प्रश्न उरतो तो गिट्टीच्या क्रशरवर, दगडफोडीवर, घाईच्या ठेक्यावर काम करणाऱ्यांचा, ज्यांची नावे कोणत्याही वहीत नीट नसतात.

धूर खाणीपुरता नाही. चुलीपुढे दिवसाचे चार-पाच तास घालविणाऱ्या स्त्रीने कधी विडी ओढली नसली तरी पन्नाशीत तिला विडीकराचाच दमा जडतो. गॅस आला तरी पावसाळ्यात पाणी तापवायला चूल पेटतेच. ती निदान पडवीत असावी. आणि हे मठाविषयीही बोलले पाहिजे. होमशाळेची परंपरागत रचना चहूबाजूंनी मोकळी आणि छताशी धूर जाण्यास वाट असलेली असते. ती वाट बंद करून, पंखे लावलेल्या मिटलेल्या सभागृहात होम करणे आणि पुढच्या रांगेत वृद्ध व तान्ही मुले बसविणे, यास कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. गाभाऱ्यात धुपाच्या जागी तुपाचा दिवा चालतो. दमा असलेला भक्त आरतीला बाहेर उभा राहिला तर त्याच्या भक्तीत उणे मानू नये.

खाणीतून निवृत्त झालेल्यांकरिता एक सूचना. कायद्याने सिलिकोसिस आणि मँगनीजची विषबाधा हे सूचनीय रोग आहेत. म्हणजे असा रुग्ण आढळल्यास वैद्यावर आणि खाणीवर तो कळविण्याचे बंधन आहे, आणि नुकसानभरपाईचा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो. त्याकरिता कामाची वर्षे सिद्ध व्हावी लागतात. नोकरीची पत्रे, हजेरीची कार्डे, छातीचे जुने क्ष-किरण फोटो पुष्कळ घरांत दिवाळीच्या सफाईत रद्दीत जातात. ते एका पाकिटात, शिधापत्रिकेजवळ ठेवावेत, आणि घरातील आणखी एका माणसाला त्याची जागा ठाऊक असावी.